इंजिन ब्लॉकची एक ‘डमी’ (पाण्याच्या पोकळीचे बूच) गळते आहे. तेवढीच बदलावी की सगळ्या बदलाव्यात?

मानपाडाकर :

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २००९ सालची, डिझेलवर चालणारी छोटी गाडी आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिले की चर्चा ‘ही गाडी घ्यायलाच नको होती’ या वळणावर जाते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे आणि गाडी १ लाख ६२ हजार किलोमीटर चालली आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर आरटीओत पुढील पाच वर्षांसाठी नोंदणीही करून घेतली आहे, त्यामुळे ती एवढ्यात मोडीत काढण्याचा विचार नाही.

दोन महिन्यांपूर्वी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली बशीएवढा ओला डाग दिसू लागला. पावसाळ्याचे दिवस होते आणि एसीचे पाणीही तिथेच ठिबकते, म्हणून सुरुवातीला मी लक्ष दिले नाही. मात्र एकदा गाडी सलग दोन दिवस जागची हलली नव्हती, तरीही डाग ताजा होता, आणि बोट लावून पाहिले तेव्हा पाणी किंचित बुळबुळीत व तांबूस असल्याचे लक्षात आले. कूलंटच्या टाकीतली पातळी चार-पाच दिवसांत वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर येत होती. घोडबंदर रोडवरच्या एका गॅरेजमध्ये आधी होज पाइपचे क्लॅम्प बदलून पाहिले, त्याने फरक पडला नाही. नंतर गाडी रॅम्पवर चढवून बॅटरीच्या उजेडात पाहिल्यावर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली, ब्लॉकच्या कुशीत बसवलेली वाटीसारखी गोल चकती ओली दिसली आणि तिच्या खालून पांढरट-हिरवट ओघळ सुकलेला दिसला. मेकॅनिक म्हणाला, ‘डमी गेली.’

याच्यावर उपाय म्हणून त्याने एपॉक्सीची लांबी (भोके बुजवण्याचा लगदा) लिंपून देण्याची तयारी दाखवली, खर्च तीनशे रुपये. कळव्यातल्या दुसऱ्या एका मेकॅनिकने इंजिन उतरवून सगळ्या डमी बदलायला सांगितले, खर्च चौदा हजार. तीनशे आणि चौदा हजार यांच्या मध्ये काहीतरी शहाणपणाचा मार्ग असावा, असे वाटते म्हणून येथे विचारत आहे. गळणारी एकच बदलली तर चालेल का? चकती पितळेची घ्यावी की लोखंडी? गिअरबॉक्सच्या आड एक डमी असते असे ऐकले, तिच्यासाठी गिअरबॉक्स उतरवणे योग्य ठरेल का? आणखी एक शंका अशी की, इंग्रजी माहितीत तिला ‘फ्रीझ प्लग’ म्हणतात. ठाण्यात हिवाळ्यातही पाणी गोठण्याच्या जवळपास आपण कधी जात नाही, मग येथे तिचा उपयोग काय?

एक कबुलीही देऊन ठेवतो. गेली तीन वर्षे पातळी कमी झाली की मी घरच्या नळाचे पाणी भरत आलो आहे, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला बहुतेक वेळा टँकरचे पाणी असते.

वागळेचा फिटर :

तुम्ही कबुली शेवटी लिहिली असली तरी उत्तर तिथूनच सुरू होते. त्याकडे नंतर येतो, आधी नावाचा उलगडा करतो.

ब्लॉक ओतताना सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी तयार होण्यासाठी साच्यात वाळूचा गाभा ठेवावा लागतो. हा गाभा अधांतरी राहू शकत नाही, त्याला बाजूने आधार द्यावा लागतो, आणि ओतकाम झाल्यावर ती वाळू बाहेर काढण्यासाठीही वाट हवी असते. या दोन्ही कारणांनी ब्लॉकच्या अंगाला भोके राहतात. मग ती भोके मशीनवर मापात करून पत्र्याच्या वाटीने बंद करतात. म्हणून तिचे खरे नाव ‘कोअर प्लग’, म्हणजे गाभ्याचे बूच. थंड प्रदेशात नुसते पाणी भरलेले इंजिन रात्री गोठले की पाणी सुमारे ९ टक्के फुगते, आणि कधी कधी ही बुचे बाहेर ढकलली जाऊन ब्लॉक वाचतो, म्हणून लोकांनी ‘फ्रीझ प्लग’ हे नाव दिले. ती त्यासाठी बनवलेली मात्र नसतात, आणि बूच निघूनही ब्लॉक तडकल्याची उदाहरणे तिकडे पुष्कळ असतात. ‘वेल्च प्लग’ हे नाव अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या वेल्च मोटार कार कंपनीवरून आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाडीची चाचणी घेताना आट्याचे बूच निखळले आणि त्या भोकात अर्ध्या डॉलरचे नाणे ठोकून गाडी घरी आणली, अशी गोष्ट त्याबाबत सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, खोलगट चकती मध्यभागी ठोकून कडेने पसरवण्याची कल्पना तीच आहे. तुमच्या वर्णनावरून तुमची चकती त्या प्रकारची नसून वाटीच्या आकाराची आहे. ही वाटी भोकापेक्षा किंचित मोठी असते आणि केवळ दाबाने बसलेली राहते.

आता लांबीविषयी. रेडिएटरचे झाकण साधारण ०.९ बार दाब धरते असे समजू. ३० मिलिमीटर व्यासाच्या वाटीवर त्या दाबाने सुमारे साडेसहा किलोचा जोर आतून बाहेर पडत असतो. चांगल्या वाटीला तो काहीच नाही. पण तुमची वाटी आतून गंजून कागदासारखी पातळ झालेली आहे, आणि गंज बाहेरून लिंपलेल्या लांबीला विचारून थांबत नाही. तेलकट पृष्ठभाग आणि दररोजचे तापणे-निवणे यांमुळे ती लांबी केव्हातरी सुटते. मुंब्रा बायपासच्या चढावर सुटली तर मिनिटभरात कूलंट रिकामे होईल, आणि तापमान मोजणारा सेन्सर पाण्याऐवजी वाफेत व हवेत राहिल्यामुळे काटा वर चढेलच याची खात्री देता येणार नाही. काटा जागेवर आहे असे समजून चालवत राहणाऱ्यांच्या इंजिनांची हेड (सिलिंडरवरची झाकणे) माझ्याकडे येतात, म्हणून एवढे स्पष्ट लिहितो.

एकच की सगळ्या, याचे उत्तर असे : हाताला लागणाऱ्या सगळ्या. सर्व वाट्या एकाच दिवशी बसवलेल्या, एकाच पाण्यात भिजलेल्या असतात. एक फुटली याचा अर्थ बाकीच्या रांगेत उभ्या आहेत. वाटीची किंमत किरकोळ असते, खर्च असतो तो तिथपर्यंत हात पोहोचवण्याचा. मॅनिफोल्ड, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) किंवा इंजिनाचे फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकते तो आधार) एकदा सोडवलेच असेल तर त्यामागची वाटी जुनीच ठेवून पुन्हा झाकणे हा आपल्याच खिशावर अन्याय आहे. गिअरबॉक्सच्या आडची वाटी मात्र कोरडी असेल तर तूर्त सोडा. क्लचप्लेट बदलायची वेळ येईल तेव्हा गिअरबॉक्स उतरेलच, त्या वेळी न विसरता बदलून घ्या. ती गळत असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडतात. अनेकदा ते मागचे ऑइल सील समजले जाते, म्हणून थेंब तेलाचा आहे की पाण्याचा, ते पांढऱ्या कागदावर घेऊन पाहावे. इंजिन उतरवण्याची गरज मला तरी दिसत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी गळती नक्की कुठली, याची एकदा खात्री करून घ्या. वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) खालच्या छोट्या छिद्रातून किंवा हीटरच्या पाइपमधून येणारे पाणी ब्लॉकवरून ओघळत वाटीपाशी साचते आणि निष्कारण वाटीवर आळ येतो. गरम इंजिनावर थेंब पडण्याआधीच सुकतो, म्हणून चालत्या गाडीत काही दिसत नाही आणि निवल्यावर डाग पडतो. थंड इंजिनाला हातपंपाने झाकणाच्या दाबाइतका दाब देऊन पाहा. त्याआधी ती जागा पुसून कोरडी करून तिच्यावर टाल्कम पावडर भुरभुरा, म्हणजे ओल कुठून निघते ते एका रेषेत उमटते.

काढण्याची रीत थोडक्यात सांगतो. इंजिन पूर्ण थंड असावे आणि बॅटरीची तार काढलेली असावी. पाणी केवळ रेडिएटरमधून न काढता ब्लॉकला निचऱ्याचा बोल्ट असल्यास तिथूनही काढावे. बोथट पंच वाटीच्या आतल्या कडेवर, एकाच बाजूला धरून हलके ठोके द्यावेत. वरणाच्या वाटीचा एक काठ दाबला की ती जशी कलंडते, तशी ही वाटी भोकातल्या भोकात आडवी फिरते आणि पकडीने धरून ओढता येते. मध्यभागी जोरात छिन्नी मारण्याची सवय वाईट आहे, कारण वाटीच्या मागे थोड्याच अंतरावर सिलिंडरची भिंत असते. भोक पॉलिश पेपरने गोलाकार घासावे. सरळ आत-बाहेर घासले तर उभे चरे पडतात आणि पाण्याला तीच वाट मिळते. नवी वाटी बसवण्यासाठी तिच्या आत सैलसर मावेल अशी पान्याची गोटी (सॉकेट) किंवा लेथवर फिरवून घेतलेला ठोकळा वापरावा. ठोका आतल्या तळाच्या कडेवर पडावा, वाटीच्या ओठावर कधीही नाही. ओठ वाकला की माप गेले. तोंड बाहेरच्या बाजूला ठेवावे आणि ओठ भोकाच्या घासलेल्या कडेपेक्षा सुमारे एक मिलिमीटर आत जाईपर्यंत ठोकावी. गाडीच्या पुस्तिकेत वेगळे माप दिले असेल तर ते पाळावे. तिरकी गेलेली वाटी सरळ करून वापरू नये. ती फेकून नवी घ्यावी, म्हणून खरेदी करतानाच एक-दोन जास्त घेऊन ठेवाव्यात.

कोपरखैरणे रसायन :

वरचा प्रतिसाद इंजिनाच्या बाजूने पूर्ण आहे, मी पाण्याच्या बाजूने भर घालतो. माझी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात बॉयलरच्या आणि कूलिंग टॉवरच्या पाण्यावर देखरेख करण्यात गेली, त्यामुळे हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

नवी मुंबईत एक समज फार पसरलेला आहे की आपले पाणी मोरबे धरणाचे, म्हणजे मऊ, म्हणून रेडिएटरला चालते. धरणाचे पाणी मऊ असते हे खरे, आणि त्यामुळे क्षारांचे थर कमी साचतात, हेही खरे. पण गंजण्यासाठी क्षारांचे थर लागत नाहीत. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आणि क्लोराइड एवढे लोखंडाला पुरेसे असते. तुम्ही तर टँकरचे पाणी वापरले आहे. टँकर बोअरवेलवरून भरलेला असेल तर त्यात कठीणपणा आणि क्लोराइड दोन्ही येतात, म्हणजे थरही साचतो आणि थराखाली खड्डेही पडतात. वाटी हा त्या सर्व व्यवस्थेतला सर्वांत पातळ पत्रा, म्हणून पहिले भोक तिला पडते. शिवाय गळतीमुळे तुम्ही दर आठवड्याला ताजे पाणी, म्हणजेच ताजा ऑक्सिजन आत सोडत होता. बंद व्यवस्थेत एकदाच भरलेले पाणी त्यातला ऑक्सिजन संपला की बरेच शांत होते, वारंवार भरलेले कधीच होत नाही.

आणखी दोन प्रश्न मला नेहमी विचारले जातात, म्हणून त्यांचीही उत्तरे देऊन टाकतो. एसीचे पाणी भरावे का? त्यात क्षार कमी असतात, परंतु ते हवेतली धूळ, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि कॉइलवरचे धातूचे अंश घेऊन येते, त्यामुळे त्याचा भरवसा नाही. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी तर अजिबात भरू नये, कारण यंत्राने नाकारलेले सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात. बॅटरीत भरण्याचे डिमिनरलाइज्ड पाणी सर्वत्र मिळते, तेच घ्यावे. फक्त बाटलीवर ते पाणीच असल्याचे वाचून घ्यावे, कारण बॅटरीच्या दुकानात अ‍ॅसिडच्या बाटल्याही शेजारीच असतात.

कूलंटकडे आपल्याकडे ‘थंड हवेच्या प्रदेशातली वस्तू’ म्हणून पाहिले जाते. एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे केले तर मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते. ठाण्याला त्याचे देणेघेणे नाही. पण तेच मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते आणि झाकणाच्या दाबाखाली सव्वाशे अंशांच्या पुढे जाते. कापूरबावडीच्या कोंडीत एसी लावून उभ्या असलेल्या इंजिनाला या गोष्टीचा उपयोग होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गंजरोधक रसायने त्या ग्लायकॉलसोबतच येतात. जुन्या पद्धतीच्या सिलिकेटयुक्त कूलंटमध्ये ती साधारण दोन वर्षांत खर्च होतात, सेंद्रिय आम्लांवर आधारलेल्या नव्या प्रकारांत जास्त टिकतात. रंगावरून प्रकार ओळखता येत नाही. हिरव्यात हिरवे मिसळले म्हणजे जुळले, असे समजू नये.

गॅरेजमध्ये होणारी चूक वेगळीच असते. समजा व्यवस्थेत एकूण सहा लिटर मावते. रेडिएटरचा नळ उघडल्यावर त्यातले तीनच लिटर बाहेर येते, बाकी ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये राहते. मेकॅनिक एक लिटर संहत (पाणी न मिसळलेले) कूलंट ओततो, उरलेले पाणी भरतो आणि रंग आला म्हणून समाधान मानतो. प्रत्यक्षात ते मिश्रण सतरा टक्क्यांचेही होत नाही. वाट्या काढल्यावर तुमचा ब्लॉक बऱ्यापैकी रिकामा होईल, ती संधी साधून आधी एकूण क्षमतेच्या निम्मे संहत कूलंट मोजून ओता आणि मग डिमिनरलाइज्ड पाण्याने पातळी भरा. तयार मिश्रण घेतले तर त्यात वरून पाणी घालू नका.

आतून धुण्याबद्दल एक सूचना आहे. धुवायचे असेल तर नव्या वाट्या बसवण्यापूर्वी धुवा. आम्लयुक्त फ्लशने गंज निघतो, त्याबरोबर गंजाच्याच आधाराने तग धरून असलेल्या वाट्यांतली भोकेही उघडी पडतात. ती आता उघडी पडलेली बरी. काढलेले जुने कूलंट गटारात सोडू नका, झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजकडे द्या. पार्किंगमध्ये सांडले असेल तर लगेच धुवून पुसा. ते चवीला गोड असते आणि मांजरे व कुत्री ते चाटतात. ग्लायकॉल थोडेसे पोटात गेले तरी त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात.

ऐरोलीकर :

मी हे काम स्वतःच्या हाताने सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलेले आहे, म्हणून माझा अनुभव लिहितो. माझी गाडी पेट्रोलची, तीही बिडाच्या ब्लॉकची, आणि गळणारी वाटी उजव्या फाउंडेशनच्या मागे होती. फाउंडेशन सोडण्यापूर्वी ऑइल चेंबरखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीखाली) लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिन जेमतेम तोलून धरले. फळी न ठेवता जॅक थेट चेंबरला लावला तर पत्रा आत जातो, हे मला शेजाऱ्यांनी वेळीच सांगितले.

चूक पुढे झाली. वागळेच्या फिटरांनी वर ‘हलके ठोके’ लिहिले आहे. मी ते वाचलेले नव्हते. गंजलेली वाटी कलंडली आणि उरलेल्या एका ठोक्यासरशी अख्खीच आत गेली. आत पडलेली वाटी तिथेच सोडून नवी बसवणारे मेकॅनिक असतात, असे ऐकले आहे. पण ती आतल्या पोकळीत पाण्याची वाट अडवते आणि त्या बाजूचा सिलिंडर तापतो. दीड तास लोहचुंबकाची काडी घालून शोधल्यावर ती सापडली. मग पकडीने तिची कड दुमडून, लहान करून बाहेर काढली. ती पितळेची असती तर चुंबकाला लागलीच नसती, एवढे दैव.

त्यानंतरच्या दोन वाट्यांसाठी मी दुसरी पद्धत वापरली. वाटीच्या मध्यभागी ड्रिलने लहान भोक पाडले. कीस आत जाऊ नये म्हणून बिटाच्या टोकाला ग्रीस लावले आणि टोक पलीकडे निघताच थांबलो. त्या भोकात जाड स्क्रू पिळला आणि स्क्रूला पकडीने धरून, खाली लाकडाचा तुकडा टेकवून, खिळा उपसावा तशी वाटी उपसली. जागा अरुंद असेल तर ही पद्धत पंचापेक्षा सोपी पडते.

मापाचीही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मी जुनी वाटी व्हर्निअरने मोजून कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो आणि तेवढ्याच मापाची घेऊन आलो, ती भोकात बोटाने ढकलली तरी जात होती. जुनी वाटी वर्षानुवर्षे दाबली गेलेली असते आणि काढताना वाकतेही, त्यामुळे तिचे माप खोटे असते. भोक स्वच्छ घासून दोन दिशांनी मोजावे, किंवा गाडीच्या सुट्या भागांच्या यादीतला क्रमांकच दुकानात सांगावा. मला दुसरी फेरी पडली.

मॅनिफोल्डखाली हातोडी फिरवायला जागाच नसेल तर बोल्टने पिळून फुगवायचे रबरी बूच मिळते. प्रवासात अडकल्यास घरी पोहोचण्यापुरते ते ठीक आहे. मॅनिफोल्डच्या उष्णतेत मी ते कायमचे ठेवणार नाही. मी सर्व वाट्या पितळेच्या बसवल्या आणि त्या गंजत नाहीत, म्हणून तुम्हीही पितळेच्याच घ्याव्यात असे सुचवतो.

वागळेचा फिटर :

ऐरोलीकरांच्या पहिल्या ठोक्याला दाद देतो, कारण ही चूक लिहून दाखवणारे थोडे असतात. पितळेबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. बिडाच्या ब्लॉकमध्ये पितळ चालते. पितळ आणि लोखंड पाण्यात एकत्र आले की झीज लोखंडाची होते, पण ब्लॉकचे क्षेत्रफळ एवढे मोठे असते की त्याने फारसे बिघडत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये मात्र मी पितळ बसवत नाही, कारण तिथे ही जोडी अधिक महागात पडते. जस्ताचा मुलामा दिलेली साधी लोखंडी वाटी पंधरा वर्षे टिकते, कूलंट नीट ठेवले तर त्याहूनही जास्त. मानपाडाकरांची वाटी नळाच्या पाण्यात एवढी टिकली, यातच तिची तारीफ आली. स्टेनलेस स्टीलची वाटी कडक असते, ती थोडीही तिरकी गेली की भोकाच्या कडेला ओरखडा पडतो; हात सरावलेला नसेल तर ती टाळावी.

भोकात गंजाचे खड्डे पडले असतील तर बारीक खड्डे अ‍ॅनेरोबिक (हवा न लागता घट्ट होणाऱ्या) सीलंटच्या पातळ थराने भरून निघतात. थर भोकाला लावावा, वाटीला लावला तर ठोकताना तो सगळा बाहेर सरकतो. नखाला अडकतील एवढे खोल खड्डे असतील तर सीलंटची नळी रिकामी करण्यापेक्षा मोठ्या मापाची वाटी लागेल का, ते पाहावे.

मानपाडाकर :

सर्वांचे आभार. काम होऊन तीन आठवडे झाले, म्हणून जे घडले ते लिहितो.

ऐरोलीकरांइतके धाडस माझ्यात नसल्यामुळे तिसऱ्या एका मेकॅनिककडे गेलो आणि येथील प्रतिसाद त्याला अक्षरशः वाचून दाखवले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले, फक्त टाल्कम पावडरच्या ठिकाणी हसला. आधी दाब देऊन पाहिले. मॅनिफोल्डखालची वाटी तर गळत होतीच, पण सेल्फच्या मागची, जी बाहेरून पूर्ण कोरडी दिसत होती, तीही पाच मिनिटांनी ओलावली. बाहेरून दिसणाऱ्या चार वाट्या बदलल्या. मॅनिफोल्डचे पॅकिंग नवे टाकावे लागले आणि त्याचा एक स्टड (आट्यांचा खिळा) तुटला, तो काढण्यात अर्धा दिवस गेला. वाट्यांपेक्षा त्या स्टडनेच जास्त रडवले. सर्व मिळून चार हजार आठशे रुपये झाले, त्यात वाट्यांचे दोनशेसुद्धा नाहीत.

पहिली वाटी निघाल्यावर भोकातून चहाच्या चोथ्यासारखा काळपट-तांबडा गाळ खाली घसरला. मेकॅनिकने लांब दांड्याच्या चमच्याने कोरून काढला तो जवळजवळ अर्धी वाटी भरला. पोकळीच्या तळाशी हा गाळ बसलेला असल्यामुळे तिथले पाणी फिरतच नव्हते, असे त्याचे म्हणणे पडले. कोपरखैरणेकरांच्या सूचनेप्रमाणे नव्या वाट्या बसवण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी पाणी सोडून ब्लॉक धुतला. काढलेल्या चारही वाट्या मी घरी आणल्या आणि गॅलरीत उन्हासमोर धरून पाहिल्या. गळणाऱ्या वाटीत तळाशी सुईच्या टोकाएवढे तीन ठिपके उजेडाने चमकत होते. सेल्फच्या मागच्या वाटीत एक ठिपका होता. उरलेल्या दोन्ही धड दिसत होत्या, पण एकीला आतून स्क्रूड्रायव्हरचे टोक लावून अंगठ्याने दाबले तर ते आरपार गेले. चौथी तेवढी ठणठणीत निघाली. एकच वाटी बदलून आलो असतो तर मॅनिफोल्डचा तो स्टड प्रकार मला पुन्हा पाहावा लागला असता.

कूलंट मोजून भरले. पुस्तिकेत क्षमता सहा लिटरपेक्षा थोडी जास्त दिली आहे, त्याच्या निम्मे संहत कूलंट आधी आणि मग बॅटरीच्या पाण्याच्या बाटल्या. हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडे ठेवून इंजिन चालवले आणि बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना पाव लिटर आणखी मावले, त्यानंतर टाकीवर मार्करने रेघ मारली आहे. गायमुखच्या घाटात दोनदा अडकून झाले आणि एकदा कसाऱ्याला जाऊन आलो. पातळी रेघेवरच आहे. गाडीखाली पसरलेला पुठ्ठाही कोरडा आहे, त्यावर आता सोसायटीचे मांजर झोपते.

गिअरबॉक्सच्या आडची वाटी तशीच आहे. क्लच अजून घसरत नाही, पण दुसऱ्या गिअरमध्ये चढावर किंचित वास येऊ लागला आहे, त्यामुळे दिवाळीनंतर गिअरबॉक्स उतरेल असे दिसते. नव्या वाटीचा क्रमांक तेवढ्यासाठी गाडीच्या पुस्तिकेत लिहून ठेवला आहे आणि एक वाटी डॅशबोर्डच्या कप्प्यात आणून ठेवली आहे.